मदत हवी आहे: लाकूड नेमकं कुठलं, हे प्रयोगशाळेत कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. लाकूड खरेदीचं काम माझ्याकडे आहे. नुकत्याच आलेल्या ओकच्या फळ्यांचे कागद चोख आहेत, शिक्केही आहेत. पण एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांची टोकं शेजारी धरली, तर एकीची वर्षवलयं केसाएवढी बारीक, दुसरीची बोटभर रुंद. झाडं एकाच जंगलातली असूनही असं होऊ शकतं, हे मान्य. तरी मन मानत नाही. चोरून तोडलेलं लाकूड माझ्या हातून पुढे जायला नको.

आतापर्यंत वाचलं ते असं: सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक वेळा प्रजातींचा गटच कळतो, ठिकाण नाही. ठिकाणासाठी समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) चाचणी. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या प्रमाणात तिथल्या पावसाच्या पाण्याची खूण उतरते, स्ट्रॉन्शियममध्ये खालच्या खडकाची. पण जुळवायला त्या भागातले खात्रीचे नमुने आधीपासून हवेत. म्हणजे चाचणी 'कागदावरचं ठिकाण पटतं की नाही' एवढंच सांगते, बरोबर ना?

डीएनएबद्दल जास्त गोंधळ आहे. भट्टीत वाळवलेल्या लाकडात तो तुटतो म्हणतात. मग गाभ्याऐवजी सालीलगतच्या रसकाष्ठाचा तुकडा पाठवावा का? समस्थानिकांसाठीही तोच चालेल? एका गठ्ठ्यातून किती फळ्यांचे नमुने घ्यावेत? आणि निकाल 'जुळत नाही' असा आला, तर पुरवठादारासमोर तो एकटा पुरेसा ठरतो का?

कुणी स्वतः नमुने पाठवले असतील तर कृपया सविस्तर लिहा. फळ्या अजून कापायला घेतलेल्या नाहीत.