रेजिमेंटची टोपी, तुरा, बिल्ले : अभिमान वाढतो का आपसात भेद?

नीलकंठ_साताराकर
1 ऑगस्ट 2023 पासून आर्मीत ब्रिगेडियर आणि त्याच्या वरच्या सगळ्या ऑफिसरांचा युनिफॉर्म एकसारखा झालाय. टोपी, खांद्यावरचे बॅज, कॉलरच्या लाल पट्ट्या, बेल्ट, बूट सगळं सेम आणि लॅन्यार्ड (खांद्यावरची रेजिमेंटच्या रंगाची दोरी) बंद. कर्नल आणि खालच्यांचं मात्र जसं होतं तसंच, आपापल्या रेजिमेंटचं. आमचे मेहुणे म्हणतात वर जे नको ते खाली कशाला पाहिजे, अख्खी आर्मी एकदाच सरसकट एकसारखी करून टाका, भानगडच नको. मला पटत नाही पण नेमकं उत्तरही देता येईना. आमच्याकडे घरटी एक फौजी, लहानपणापासून मराठा लाईट इन्फंट्रीचा लाल-हिरवा तुरा बघत आलोय त्यामुळे मी काही न्यूट्रल नाही हे आधीच सांगतो. ज्यांनी नोकरी केलीय त्यांनी सांगा, या वेगळ्या खुणांनी आत खरंच भेद होतो का?

रिटायर्ड_हवालदार
मेहुण्यांना विचारा ब्रिगेडियर काय काम करतो. कर्नलच्या हाताखाली त्याची एकच पलटण असते, तिथं टोपी एक, तुरा एक, घोषणा एक, सगळे आपलेच. ब्रिगेडियरच्या हाताखाली तीन पलटणी तीन रेजिमेंटच्या, एक मराठा एक जाट एक मद्रास अशा पण असू शकतात, आता साहेबानी स्वतः मराठ्यांची लॅन्यार्ड घालून जाटांच्या दरबारात, म्हणजे जवानांच्या सभेत, उभं राहायचं आणि म्हणायचं मला सगळे सारखे, तर साहेब सरळ असला तरी मागच्या रांगेत कुजबुज होणारच की हे त्यांचे साहेब. सुट्टी, पोस्टिंग, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, प्रत्येक गोष्टीत संशय. म्हणून वर काढलं ते बरोबरच केलं.

पण खाली काढाल तर काय उरतं? बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग संपून कसम परेड (शपथेची परेड) झाली की पोरगं पलटणीत येतं आणि त्याला पहिल्या आठवड्यात कळतं की आपण जंगी पलटण (पहिली मराठा), 1768 सालची, किंवा काळी पाचवी (दुसरी मराठा). नाम, नमक, निशान म्हणतात ना ते भाषणापुरतं नसतं. रात्री बर्फात पेट्रोलिंगला देश वगैरे कोणाच्या डोक्यात नसतो हो, शेजारचा काय म्हणेल एवढंच असतं, आणि शेजारचा तोच तुरा लावून चाललेला असतो.

दुर्गा_टोरांटो
काकांचं पटलं, पण याची दुसरी बाजू आमच्याकडे कॅनडात झालेली आहे. इथं कॅनेडियन एअरबोर्न रेजिमेंट होती, मरून टोपीवाली, एकदम खास. तिच्यात तीन कमांडो, म्हणजे तीन तुकड्या, होते आणि प्रत्येक कमांडोत माणसं वेगवेगळ्या मूळ रेजिमेंटमधून यायची, पहिला फ्रेंच बोलणारा, बाकी दोन इंग्लिश. म्हणजे एकाच टोपीखाली तीन घरं. त्यातल्या दुसऱ्या कमांडोनं अमेरिकन यादवी युद्धातला, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा झेंडा स्वतःची खूण म्हणून घेतला, वरून बंदी आली तरी लावत राहिले. वरिष्ठांना दिसत नव्हतं असं नाही. मग 1993 ला सोमालियात एका सोळा वर्षांच्या पोराला पकडून मारहाण करून ठार केलं, ते याच कमांडोतल्या लोकांनी, आणि 1995 ला सरकारनं अख्खी रेजिमेंटच बरखास्त केली. झेंड्यामुळे खून झाला असं मी म्हणत नाहीये, पण जी खूण वरून मिळालेली नाही आणि वरचा काढायला सांगतोय तरी निघत नाही, तिथं हाताबाहेर गेलंय हे ओळखायला हवं होतं.

चहाबाज
आणि मेहुण्यांच्या सरसकट योजनेचा प्रयोग अमेरिकेत झालाय बरं का. काळी बेरे टोपी तिकडं फक्त रेंजर्सची, म्हणजे खास निवडलेल्या पायदळाची होती, घाम गाळून मिळवलेली. तेव्हाचे आर्मी चीफ जनरल शिन्सेकींनी ठरवलं की सगळ्या आर्मीलाच देऊ, सगळ्यांना अभिमान वाटेल, 14 जून 2001 पासून लागू. झालं काय, जुने रेंजर भडकले, निषेध म्हणून पायी वॉशिंग्टन गाठलं, त्यात काही टोप्या चीनमध्ये बनल्यात हे बाहेर आलं आणि आणखी तमाशा. शेवटी रेंजर्सनी फिकट तपकिरी घेतली. आणि ज्यांना फुकट मिळाली त्यांनाही ती आवडली नाही, उन्हात डोळ्यावर सावली नाही, घालायला दोन हात लागतात. 2011 ला रोजच्या युनिफॉर्मवर परत साधी कॅप आली. रेंजर्सचं गेलं आणि बाकीच्यांना काही मिळालं नाही, धन्य.

बाराचा_भाव
आपल्याकडं तर पॅराचा (पॅराशूट रेजिमेंटचा) बिल्ला गाडीच्या काचेवर चिकटवून टोल चुकवायला बघतात 😂 2019 च्या वर्ल्ड कपला धोनीच्या ग्लोव्हजवर बलिदान बॅजची खूण दिसली तेव्हा अख्खा देश दोन दिवस तज्ज्ञ झाला होता, आयसीसीने काढायला लावली ते सोडा, तो बॅज पॅरा स्पेशल फोर्सेसचा हे शंभरातल्या नव्वदांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नीलकंठ_साताराकर
@रिटायर्ड_हवालदार काका, एक विचारू? पॅरावाल्यांचा मरून टोपीवरून बाकी इन्फंट्रीला राग नसतो का? खरं सांगा.

रिटायर्ड_हवालदार
राग नाही, चिडवाचिडवी भरपूर. आम्ही म्हणायचो विमानातून पडायला काय अक्कल लागते. पण मरून टोपी आग्र्याला जाऊन उड्या मारल्याशिवाय डोक्यावर येत नाही हे सगळ्यांना माहितीय, आणि ती एका जातीची एका भागाची नाही, पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सचा डॉक्टरसुद्धा तीच घालतो. दार उघडं आहे, जमत असेल तर जा. जळफळाट होतो तो टोपीमुळे नाही, एकाच टोपीवाल्यांना चांगल्या पोस्टिंगा मिळायला लागल्या की होतो.

आणि इतिहास बघायचा तर पॅराची दुसरी बटालियन मुळात मराठ्यांचीच. 11 डिसेंबर 1971 ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलला ती विमानातून उतरली, पूल धरला, आणि जमिनीवरून लढत येऊन तिला मिळाली कोण तर जंगी पलटण. हिरव्या टोपीवाल्यांनी तेव्हा मरूनवाल्यांना तुम्ही कोण असं विचारलं नसणार. मेहुण्यांना हे सांगा, आणि तरी नाही पटलं तर बेळगावला कसम परेडला घेऊन जा, नातेवाईकांना आत सोडतात.

चहाबाज
काका, पण घालायला दोन हात लागतात त्याचं काय 🙂

रिटायर्ड_हवालदार
पहिले पंधरा दिवस लागतात. नंतर अंधारात पण बसते.