मदत हवी आहे: मुलगा वर एक बोलतो, खाली दुसरंच

सुगरण_जुळेसोलापूर: मुलगा 15 वर्षांचा, दहावीत. माझ्याजवळ असला की बाबांना नावं ठेवतो, खाली गेला की माझ्या कागाळ्या. सहामाहीत गणितात आपटला. परवा मी दिलेली कडक भाकरी-शेंगाचटणी तशीच ठेवली आणि खाली जाऊन तेच जेवला. विचारलं तर दार आपटून क्लासला. काय करू? लवकर सांगा, आणि समुपदेशक नको.

होटगीरोड७७: खाली म्हणजे कुठे?

कायदाप्रेमी: ताबा हवा असेल तर ऐका. 1890च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार समज आलेल्या मुलाची पसंती कोर्ट विचारात घेऊ शकतं. मात्र निर्णय मुलाचं हित पाहूनच.

सुगरण_जुळेसोलापूर: ताबा कुठून आला मध्येच? घटस्फोट नाही. घर एकच. खाली हे आणि सासूबाई, वर आम्ही दोघं. दिवाळीपासून बोलणं बंद आहे, एवढंच.

होटगीरोड७७: एवढंच?! मग क्लासची फी, गॅसचा नंबर कसं कळवता?

सुगरण_जुळेसोलापूर: तोच सांगतो की.

नानासाहेब: हॉस्टेलला घाला. माझा भाचा लातूरला राहून सरळ झाला.

होटगीरोड७७: नाना, तिथेही दोघांचे वेगवेगळे फोन येणारच. पोराला पोस्टमन केलंय हो यांनी.

बाई_आठवी_ब: शाळेत अशी मुलं रोज बघते. 1991 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विभक्त आईवडिलांच्या किशोरवयीन मुलांशी बोलून पाहिलं. दोघांच्या कात्रीत सापडलेल्यांत उदासी, काळजी आणि वांड वागणं जास्त दिसलं. तुम्ही कागदावर विभक्त नाही, पण पोराची कात्री तीच. खोटं बोलत नाहीये तो, जिथे उभा तिथल्याला खूश ठेवतोय. फीचं थेट नवऱ्याला कळवा, 'खाली काय म्हणाले' विचारणं बंद करा. बाबांना नावं ठेवू लागला की हुंकारही देऊ नका. झोप-जेवण उडालं तर 14416 ला फोन करा, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मोफत आहे.

नानासाहेब: आमच्या वेळी छडी होती, संशोधन नव्हतं.

सुगरण_जुळेसोलापूर: यांचा नंबर ब्लॉक आहे. काढते. पण पहिला मेसेज मीच का करायचा?

होटगीरोड७७: फीची तारीख कधी आहे?

सुगरण_जुळेसोलापूर: उद्या.

नानासाहेब: तिघं मिळून गड्ड्याच्या जत्रेला जा, सगळं निवळतं. होम मैदानाजवळ गाडी कुठे लावता रे हल्ली?