देशाबाहेर रवानगीच्या प्रकरणांसाठी कनिष्ठ वकिलांना काय शिकवावे?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. आम्ही काही वकील मिळून, देशाबाहेर रवानगीची टांगती तलवार असलेल्या परदेशी व्यक्तींचा बचाव कसा करावा यावर कनिष्ठ सहकाऱ्यांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण आखत आहोत. गोव्यात अशी प्रकरणे बहुधा व्हिसाची मुदत संपल्याने किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यातून सुरू होतात. फौजदारी बाजू आमची मुले नीट सांभाळतात, परंतु दंड भरून अशील सुटला म्हणजे काम संपले, असे त्यांना वाटते. 1946 चा परकीय नागरिक कायदा जाऊन नवा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आहे. कायदा किती शिकवावा आणि सराव किती घ्यावा, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर 1 (म्हापसा)
कायद्यात जागा किती अरुंद आहे, हे प्रथम स्पष्ट सांगावे. परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर प्रकरणात 1955 मध्ये म्हटले आणि लुई डी रेट प्रकरणात 1991 मध्ये तेच कायम ठेवले. मात्र राज्यघटनेतील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अनुच्छेद 21 प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, केवळ नागरिकाला नव्हे. म्हणून येथे राहण्याच्या हक्कावर भाषण करण्यापेक्षा नोटीस मिळाली का, म्हणणे ऐकून घेतले का, आदेशात कारणे आहेत का, हे तपासण्याची सवय लावावी. आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच असतो आणि नव्या कायद्यातही तो तसाच आहे, त्यामुळे सारा भर कागदांवर येतो: पासपोर्टचे प्रत्येक पान, प्रवेशाचा शिक्का, नोंदणी, परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती देणारा हॉटेलने भरलेला फॉर्म.

गुन्हा कबूल करण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्याचा रवानगीवर काय परिणाम होईल, हे अशिलाला सांगितलेच पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पॅडिला प्रकरणात हे वकिलाचे कर्तव्यच ठरवले. तो निर्णय आपल्यावर बंधनकारक नसला, तरी शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

उत्तर 2 (मडगाव)
वरील मताशी मी सहमत आहे, पण आरंभ गोव्याच्याच प्रकरणाने करावा. 1961 नंतर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवणारे एक गोमंतकीय धर्मगुरू, मोन्सिन्योर रेमेदियुस मोंतेरो, यांच्या निवासी परवान्याची मुदत 1964 मध्ये संपली. देश सोडण्याचा आदेश न पाळल्यामुळे त्यांच्यावर खटला झाला. व्याप्त प्रदेशातील रहिवाशांना जिनिव्हा करारांचे संरक्षण आहे, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये फेटाळला. आपल्याच गावात जन्मलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने परकीय ठरू शकतो, हे त्यातून मुलांना जेवढे कळेल तेवढे कलमे पाठ करून कळणार नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली माणसे आज आपल्या शेजारी आहेत, तेव्हा हा विषय दूरचा नाही.

उत्तर 3 (पणजी)
मी विनामूल्य विधी सेवेत काम करते. कोठडीतील व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो, आणि ती व्यक्ती परदेशी असली तरी मिळतो, हे अनेक वकिलांनाही माहीत नसते. जामीन मिळालेला परदेशी अशील व्हिसा नसल्यामुळे घरी न जाता म्हापशाच्या स्थानबद्धता केंद्रात जाऊ शकतो, त्यामुळे जामिनाच्या दिवशीच पुढचा अर्ज तयार असावा.

माझा खरा आग्रह मात्र पहिल्या मुलाखतीबद्दल आहे. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतील परदेशी व्यक्तीला आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, पण तो हक्क तिचा आहे, वकिलाचा नाही. स्वतःच्या सरकारच्या भीतीने पळून आलेल्या माणसासाठी तोच संपर्क घातक ठरू शकतो. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तरीही जिवाला धोका असेल तेथे परत पाठवू नये, हे तत्त्व अनुच्छेद 21 मध्येच सामावलेले आहे, असे गुजरात उच्च न्यायालयाने 1998 मध्ये मानले. ती भीती पहिल्या भेटीत विचारलीच नाही, तर हा मुद्दा न्यायालयापुढे येणारच नाही. आणि दुभाषा कृपया सहआरोपी किंवा पोलीस ठाण्यातील कोणी नसावा.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पहिल्या दिवशीची सकाळ आता कलमांऐवजी कोठडीतील मुलाखतीच्या सरावाला देत आहे आणि दुपारी मोंतेरो निकालाचे वाचन ठेवतो. पणजीच्या ताईंना एक विनंती: रशियन जाणणारा विश्वासू दुभाषा आपल्या परिचयात असल्यास मला निरोपाने कळवावे.