‘सागा’ला मराठीत बखर म्हणावे का?

मांडणी
आइसलँडमधील मध्ययुगीन कथनांना, म्हणजे ‘सागा’ला, मराठीत ‘गाथा’ म्हणण्याची रीत मला मान्य नाही. गाथा म्हटले की तुकोबांचे अभंग आठवतात, आणि सागा तर मुख्यतः गद्य आहे. हा शब्द ‘सेग्या’, म्हणजे ‘सांगणे’, या जुन्या नॉर्स (उत्तर युरोपातील प्राचीन) भाषेतील क्रियापदाशी जोडलेला असून इंग्रजीतील ‘से’ आणि जर्मनमधील ‘झागेन’ ही त्याची भावंडे आहेत. आजही आइसलँडमध्ये इतिहास आणि गोष्ट या दोन्हींना ‘सागा’च म्हणतात. म्हणून मला ‘बखर’ हाच जवळचा प्रतिशब्द वाटतो.

प्रतिसाद १
गाथेविषयीची हरकत रास्त आहे. व्युत्पत्तीवरून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही. अर्थ केवळ ‘सांगितलेले’ एवढाच असल्यामुळे फाफनीर या अजस्र सर्पाला मारणाऱ्या सिगुर्दची कथाही सागा ठरते आणि फ्रेंचमधून आलेल्या सरदारांच्या प्रेमकथाही सागाच ठरतात. आपला ‘इतिहास’ शब्द ‘असे खरोखर होते’ अशी ग्वाही देतो, तशी ‘सागा’ देत नाही.

मांडणीकर्त्याचे उत्तर
ग्वाही शब्द देत नाही, सांगणारा देतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात अरी थॉर्गिल्सन यांनी ‘ईस्लेंडिंगाबोक’ हा आइसलँडचा इतिहास लिहिला, तेव्हा ‘मी तीन वर्षांचा असताना थांगब्रांड या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने मला बाप्तिस्मा दिला, हे मला स्वतःला आठवते’, हे हाल नावाच्या माणसाचे सांगणे त्यांनी नोंदवले, आणि हा हाल सत्यवचनी व पक्क्या स्मरणाचा होता, हेही लिहून ठेवले. आपल्या पुस्तकात काही चुकीचे सांगितले गेले असेल, तर अधिक खरे ठरेल तेच धरावे, असेही ते बजावतात. तिथला ‘चुकीचे सांगितलेले’ हा शब्दही ‘सेग्या’पासूनच घडला आहे! सांगणे ही किती जबाबदारीची गोष्ट मानली जात होती, ते यावरून दिसते.

प्रतिसाद २
उदाहरण सुंदर आहे, पण ते तुमच्याच विरोधात जाते. इतक्या काटेकोर अरींनी आपल्या ग्रंथाला ‘सागा’ म्हटले नाही, ‘बोक’ म्हणजे पुस्तक म्हटले. शिवाय ‘बखर’ कोणी ‘खबर’वरून आणतात, तर कोणी ‘बखैर’वरून, सांगण्याशी नाते असलेल्या शब्दासाठी असे वादग्रस्त मूळ का उसने घ्यावे? ‘सागा’ तसाच ठेवावा. ‘स्टुर्लुंगा’ या सागा-संग्रहातील ‘ईस्लेंडिंगा सागा’पुरती मी ‘बखर’ म्हणण्याची तडजोड करीन, कारण तेराव्या शतकातील भाऊबंदकीच्या त्या लढाया स्टुर्ला थॉर्दार्सन यांनी लिहिल्या, आणि ते स्वतः त्या भाऊबंदकीत सापडलेले होते.