'सरंजाम', 'प्रांत', 'लीज': व्याख्येने धोरण बदलते, की बळ असेल त्याचीच व्याख्या चालते?

प्रश्न: फोंड्याची शिक्षिका

नमस्कार. मी उच्च माध्यमिक विद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. जागतिक व्यापार संघटनेवरचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, की 'विकसनशील देश' नेमका कोणाला म्हणायचे आणि ते ठरवतो कोण. त्या संघटनेत या संज्ञेची व्याख्याच नाही. सदस्य देश स्वतःला विकसनशील म्हणवतो आणि करार लागू करण्यासाठी वाढीव मुदत व इतर सवलती मागतो. 'अल्पविकसित देश' या संज्ञेला मात्र संयुक्त राष्ट्रांनी कसोट्या लावल्या आहेत. दरडोई उत्पन्न, मानवी संपदा आणि आर्थिक धक्क्यांपुढची असुरक्षितता पाहून देश १९७१ पासून चालत आलेल्या त्या यादीत राहतो किंवा बाहेर पडतो, जसा डिसेंबर २०२३ मध्ये भूतान पडला.

हे सांगितल्यावर तो म्हणाला, की दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये अमेरिकेचा दबाव आल्यावर पुढील वाटाघाटींत या सवलती मागणार नाही असे जाहीर केले, म्हणजे शब्दाला स्वतःचे वजन नाहीच, बळ असेल तो अर्थ लावतो. मला हे पूर्णपणे पटत नाही, पण खोडून काढता येईल असे उदाहरणही चटकन सुचले नाही. गोव्याच्या इतिहासातले किंवा अर्थकारणातले काही सांगता येईल का?

उत्तर १: डिचोलीहून

तुमच्या विद्यार्थ्याला एक मराठी शब्द द्या: सरंजाम. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेल्यावर, आपल्या ताब्यातल्या दमणहून भारताच्या हद्दीतून तेथे जाण्याचा आपला हक्क भारताने अडवला अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याचा मुख्य आधार होता पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. या कागदांनी आम्हांला त्या गावांचे सार्वभौमत्व मिळाले, आणि सार्वभौमत्वाबरोबर वाटही मिळाली, असा त्याचा दावा होता. भारताचे म्हणणे असे, की मराठ्यांनी दिला तो सालीना बारा हजार रुपयांचा महसूल. गावे सरंजामी लावून दिली, राज्य दिले नाही. मराठेशाहीच्या कारभारात सरंजाम किंवा जहागीर म्हणजे काय आणि काय नाही, यावर विसाव्या शतकात हेगच्या न्यायाधीशांपुढे युक्तिवाद झाले, आणि १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मान्य केले, की त्या कागदांनी सार्वभौमत्व दिलेले नव्हते.

येथे थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगिजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य होत गेली आणि सव्वाशे वर्षे माणसे व माल त्या वाटेने ये-जा करीत राहिला, म्हणून खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता मार्गाचा हक्क न्यायालयाने मान्य केला; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नाकारला. भारताने १९५४ मध्ये आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही ठरवले. आपल्या भाषेत 'वहिवाट' या एकाच शब्दात चालण्याची वाट आणि चालत आलेला हक्क असे दोन्ही अर्थ आहेत, आणि त्या निकालाचा गाभा समजावून सांगायला मला याहून नेमका शब्द ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण खुद्द गोव्याचे. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली. डिसेंबर १९५५ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तेव्हा सनदेच्या ७३ व्या कलमाखाली विचारणा झाली, की ज्यांना अद्याप स्वशासन मिळालेले नाही असे प्रदेश तुमच्या ताब्यात आहेत काय. उत्तर ठरलेले होते: वसाहत नाहीच, सगळे प्रांत आहेत. अशी नुसती नावे बदलून सुटका होऊ नये म्हणून आमसभेने १५ डिसेंबर १९६० रोजी ठराव १५४१ मध्ये कसोटी लिहिली. जो प्रदेश राज्य करणाऱ्या देशापासून भौगोलिकदृष्ट्या अलग आहे आणि वंशाने किंवा संस्कृतीने वेगळा आहे, तो सकृद्दर्शनी अस्वयंशासित. त्याच दिवशीच्या ठराव १५४२ मध्ये पोर्तुगालच्या अशा नऊ प्रदेशांची यादी आली आणि तिच्यात गोवा होता.

एक वर्षाने, १८ डिसेंबर १९६१ रोजी, सुरक्षा परिषदेत हाच वाद उभा राहिला. पोर्तुगालचा शब्द होता 'आक्रमण'. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी हा वसाहतीचा प्रश्न आहे, म्हणून आक्रमणाचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी भूमिका मांडली. भारताने सैन्य मागे घ्यावे या ठरावाला सात मते मिळाली, परंतु सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला.

उत्तर २: सांग्याहून

वरील माहिती मोलाची आहे, पण तिच्यातून विद्यार्थ्याचे म्हणणे खोडले जात नाही. गोवा मुक्त झाला तो सैन्य आले म्हणून, आणि ठराव पडला तो नकाराधिकारामुळे. कसोटी आधी लिहिली गेली होती, तरी १९ डिसेंबरला कामी आले ते बळच.

लिहिलेला शब्द बळ असलेल्यालाही बांधतो याचा दाखला मला आमच्या खाणपट्ट्यात दिसतो. पोर्तुगिजांच्या १९०६ च्या कायद्याखाली खाणींच्या 'कन्सेशन' दिल्या गेल्या, ज्यांना मुदतीची अट नव्हती आणि ज्या जवळजवळ मालमत्तेसारख्या वापरल्या जात. संसदेने १९८७ मध्ये कायदा करून त्या रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासूनच त्या भाडेपट्टे, म्हणजे लीज, आहेत असे जाहीर केले. डोंगर तेच, यंत्रे तीच, मालकही बहुधा तेच. बदलले ते नाव. पण लीजला मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात ती मोजली आणि नूतनीकरण धरूनही हे भाडेपट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपले असे ठरवले, त्यामुळे त्यानंतरचे उत्खनन बेकायदेशीर ठरले. पुढे २०१८ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरणही रद्द झाले आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. ट्रक अंगणात उभा करून कर्जाचे हप्ते फेडणारी घरे मी जवळून पाहिली आहेत, आणि धूळ थांबल्यावर शेतात परतलेली माणसेही. एकाच शब्दाने दोघांचेही आयुष्य फिरवले.

आणखी एक आकडा वर्गात सांगण्यासारखा आहे. गोव्याचे लोहखनिज बहुतांशी कमी प्रतीचे. केंद्राने निर्यात शुल्कासाठी ५८ टक्के लोह ही रेषा आखली, तिच्या खालच्या मालाला शुल्क माफ केले आणि वरच्याला ३० टक्के लावले. मे २०२२ मध्ये ही रेषाच पुसून सर्वांना ५० टक्के शुल्क लागले आणि नोव्हेंबरात ती पुन्हा आखली गेली. 'कमी प्रत' या दोन शब्दांच्या अर्थावर येथून चीनला जहाज भरायचे की नाही हे ठरते.

उत्तर ३: पेडण्याहून

फेणीचेही पाहा. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले, तरी अबकारी कायद्यात ती 'देशी दारू'च होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती 'वारसा पेय' झाली. व्यापारात याहून मोठा शब्द आहे 'समान उत्पादन', म्हणजे असा परदेशी माल, ज्यावर तशाच देशी मालापेक्षा जास्त कर लावता येत नाही. जपान आपल्या शोचू या देशी मद्यावर व्होडकापेक्षा कमी कर घेत असे. १९९६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने दोन्ही समान उत्पादने असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, आणि जपानला कररचना बदलावी लागली. २०११ मध्ये फिलिपिन्सवरही तीच पाळी आली, कारण ऊस आणि माडासारख्या ठरावीक कच्च्या मालाच्या मद्यावर तेथे कर कमी होता. आपल्या भट्टीकाराला सवलत द्यायची असेल, तर हे दोन निकाल पणजीत कोणीतरी वाचलेले असले पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते.

फोंड्याची शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डिचोलीच्या वाचकांना एक शंका विचारते: भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने शेवटी कोणत्या शब्दांत मान्य केले?

डिचोलीहून

पोर्तुगालमध्ये एप्रिल १९७४ मध्ये राज्यक्रांती झाली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दोन्ही देशांनी तहावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व त्यात मान्य केले आहे, आणि तेही हे प्रदेश ज्या ज्या तारखेला भारतात आले त्या त्या तारखेपासून. विद्यार्थ्यांकडून तारखेविषयीचे हे कलम अवश्य वाचून घ्या.