‘घ्याल का?’ विचारून काही कळत नाही

नवी वस्तू विकायला काढण्याआधी लोक सर्वेक्षण करतात आणि त्यात बहुतेकांनी ‘हो, घेऊ’ म्हटल्याचं सांगतात. त्यावर भिस्त ठेवू नका, ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी ‘ही अडचण शेवटची कधी आली, तेव्हा काय केलंत, किती खर्च आला?’ असं विचारा. ज्याने आजवर काहीच केलेलं नाही, तो बहुधा तुमचा गिऱ्हाईक नाही. उलट कुणी एक्सेलमध्ये जुगाड करून काम भागवत असेल, तर तिथे नीट खोदा. एकाच प्रकारच्या दहा-पंधरा जणांशी बोलल्यावर तीच ती उत्तरं यायला लागतात. येत नसतील तर गट फार मिश्र आहे. मित्र-नातेवाईक वगळाच.

‘एकूण बाजाराचा एक टक्का तरी आपल्याला मिळेल’ हा हिशेब तर सोडूनच द्या. खालून मोजा: खरोखर पोहोचता येतील असे ४०० ग्राहक, वर्षाला ३ खरेद्या, दर खरेदीला ५०० रुपये, म्हणजे वर्षाची उलाढाल ६ लाख. यातून माल, वाहतूक, परत आलेल्या वस्तू वजा करून तुमची मेहनत तरी सुटते का बघा. प्रतिस्पर्ध्यांचे तीन तारेवाले अभिप्राय वाचा. एक तारेवाल्यांत नुसता राग असतो, नेमकी उणीव तीन तारेवाल्यांत सापडते. मग ग्राहकांकडे थोडी आगाऊ रक्कम मागून बघा, परत करण्याच्या बोलीवर का होईना.