मदत हवी आहे: आयएलएस नसलेल्या विमानतळासाठी एलपीव्ही आणि बॅरो-व्हीनॅव्ह एकत्र

डोंगराळ भागातील एका लहान विमानतळाच्या उतरण-पद्धतीची फेरआखणी आमच्याकडे आली आहे. तेथे आयएलएस (धावपट्टीजवळून रेडिओ संकेतांनी विमानाला खाली आणणारी यंत्रणा) बसवण्याइतका निधी मिळणार नाही आणि सध्याच्या एलएनएव्ही (फक्त आडवी दिशा दाखवणाऱ्या) पद्धतीची किमान उंची (धावपट्टी दिसल्याशिवाय जिच्याखाली जाता येत नाही ती) पावसाळ्यातील खालच्या ढगांत पुरत नाही. 'गगन' या भारताच्या एसबीएएसवर (उपग्रह-संकेतांतील चुका दुरुस्त करणाऱ्या प्रणालीवर) आधारलेल्या, दिशा आणि उतार दोन्ही दाखवणाऱ्या एलपीव्हीला विमानतळावर नवे उपकरण लागत नाही, आणि एप्रिल 2022 मध्ये किशनगडला इंडिगोचे एटीआर (पंख्यांचे छोटे प्रवासी विमान) तसे उतरलेही आहे. मात्र येथे येणाऱ्या एअरबसमध्ये एसबीएएस रिसीव्हर नसल्याने त्यांच्यासाठी हवेच्या दाबावरून उंची मोजून उतार ठरवणारे बॅरो-व्हीनॅव्हच (म्हणजे एलएनएव्ही/व्हीएनएव्ही पद्धत) उरते.

अंतिम मार्ग थोडा तिरका करून पाहिला. वाटेतली टेकडी सुटली, पण उतरण सोडून पुन्हा वर जाताना नेहमीची अडीच टक्के चढण धरली, तर पलीकडचा मोबाइल टॉवर आडवा येतो. (टॉवर हलवण्याची सूचना कृपया करू नये, ती फाईल वेगळीच आहे.) नकाशावर जास्त चढण छापली, तर एक इंजिन बंद पडलेल्या एटीआरला ती झेपेल का, याची शंका आहे.

निधी एका अडथळा-सर्वेक्षणापुरता आणि एका पडताळणी-उड्डाणापुरताच आहे. एलपीव्ही आणि एलएनएव्ही/व्हीएनएव्ही या दोन्हींच्या किमान उंची, अडीच टक्क्यांसाठी एक व वाढीव चढणीसाठी दुसरी अशा, एकाच नकाशावर देऊन त्या एकाच उड्डाणात तपासून डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक नियामकाची) मंजुरी कोणी मिळवली आहे का?